मुलाखत म्हणजे भेट

उर्दूत तुम्ही ‘मुलाकात’ हा शब्द नेहमी वापरता. मित्राशी मुलाकात होते, पाहुण्यांशी मुलाकात होते. हाच शब्द मराठीत ‘मुलाखत’ झाला. त्याचा अर्थ मात्र थोडा बदलला. नोकरीसाठी उमेदवाराला बोलावून प्रश्न विचारतात, त्याला मराठीत मुलाखत म्हणतात. हा शब्द ऐकताच अनेकांच्या पोटात गोळा येतो. अशा वेळी त्याचा मूळ अर्थ आठवा. मुलाखत म्हणजे भेट. भेटीला घाबरायचे कशाला?

समजा, तुम्ही मालेगावात राहता. तुम्ही यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतली आहे. पुण्याजवळ चाकण येथे मोटारींचे अनेक कारखाने आहेत. तेथील एका कंपनीला प्रशिक्षणार्थी हवे आहेत. तुम्ही अर्ज पाठवला आहे.

मोठ्या कंपनीत निवड एकाच दिवशी होईल असे नाही. प्रथम अर्जांची छाननी होते. मग बहुधा लेखी परीक्षा होते. हल्ली ती संगणकावरही घेतात. काही ठिकाणी गटचर्चा असते. आठ-दहा उमेदवारांना एक विषय देतात आणि कोण कसे बोलतो व दुसऱ्याचे कसे ऐकतो, हे पाहतात. त्यानंतर विषयाचे जाणकार अधिकारी मुलाखत घेतात. शेवटी पगार, नियम, राहण्याची सोय यांविषयी बोलणे होते. वैद्यकीय तपासणी झाली की नेमणूकपत्र हाती येते.

तयारीची सुरुवात अर्जापासून करा. अर्जातील प्रत्येक ओळीवर प्रश्न येऊ शकतो. ‘वाचनाची आवड’ असे लिहिले असेल, तर शेवटी कोणते पुस्तक वाचले, असे विचारतील. ते पुस्तक उर्दू असेल तर तसे सांगा आणि त्यात काय आहे ते मराठीत सांगा. उर्दू माध्यमात शिकलो, हे सांगताना मान खाली घालू नका. उर्दू, मराठी, हिंदी आणि इंग्रजी या चार भाषांशी तुमची ओळख आहे. कारखान्यात शेजारी काम करणारा माणूस बहुधा मराठीच बोलेल. तेथे तुमचे मराठी उपयोगी पडेल.

‘स्वतःविषयी सांगा’ हा प्रश्न बहुतेक ठिकाणी पहिला असतो. त्याचे उत्तर घरी मोठ्याने बोलून पाहा. आपाला किंवा भाईजानला समोर बसवा. दोन मिनिटांत नाव, गाव, शिक्षण आणि तुम्हांला येणारे एखादे काम सांगा. उत्तर पाठ करू नका. पाठ केलेले वाक्य मध्येच विसरले, की पुढचे सारेच अडते.

मूळ प्रमाणपत्रे, त्यांच्या झेरॉक्स प्रती आणि छायाचित्रे आदल्या दिवशीच एका पिशवीत ठेवा. कपडे नवे नसले तरी चालतील. ते स्वच्छ व इस्त्री केलेले असावेत. मालेगावहून चाकण लांब आहे. सकाळची वेळ दिली असेल, तर आदल्या दिवशीच निघा. फाटकावरील पहारेकऱ्याशीही आदराने बोला. कंपनीतील तुमची पहिली भेट त्याच्याशीच होते.

आत गेल्यावर प्रश्न पूर्ण ऐका, मगच उत्तर द्या. समजा, साहेबांनी व्हर्निअर कॅलिपर हातात दिले आणि म्हणाले, “या खिळ्याची जाडी मोजून दाखवा.” तुम्ही ते शाळेच्या प्रयोगशाळेत किंवा कार्यशाळेत खरोखर वापरले असेल, तर ०.०२ मिलिमीटरपर्यंतचे मापही तुम्ही शांतपणे वाचाल. पण ते फक्त दुरून पाहिलेले असेल आणि अर्जात मात्र ‘उत्तम वापरता येते’ असे लिहिले असेल, तर? हात कापेल आणि खोटे उघडे पडेल. एखादी गोष्ट येत नसेल तर सरळ म्हणा, “सर, हे मला येत नाही. शिकवले तर शिकेन.” नवख्या माणसाला सारे काही यावे, अशी कोणाचीच अपेक्षा नसते. तो खरे बोलतो की नाही, हे मात्र पाहिले जाते.

भेटीत दोघेही बोलतात. म्हणून शेवटी तुम्हीही विचारा : प्रशिक्षण किती महिन्यांचे? काम कोणत्या पाळीत? दरमहा किती रक्कम मिळेल? आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. नोकरी देतो म्हणून कोणी पैसे मागितले, तर ते देऊ नका. घरी आणि शिक्षकांना लगेच सांगा.

एवढे करूनही निवड झाली नाही तर? डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम तरुणपणी हवाई दलाच्या निवडीसाठी डेहराडूनला गेले होते. पंचवीस उमेदवारांतून आठ जण घ्यायचे होते. कलामांचा क्रमांक नववा आला. ते फार निराश झाले. पण दिल्लीतही त्यांनी एक मुलाखत दिली होती. तेथे त्यांची निवड झाली आणि १९५८ साली ते संरक्षण खात्यात कामाला लागले. पुढे ते थोर शास्त्रज्ञ झाले आणि २००२ साली भारताचे राष्ट्रपती झाले.

‘उमेदवार’ हा शब्दही उर्दूत आणि मराठीत एकच आहे. ज्याच्याजवळ उमेद असते, तो उमेदवार. एक मुलाखत हुकली, तरी उमेद सोडू नका. पुढच्या भेटीची तयारी करा.

स्वाध्याय
१. अर्जात खरी माहितीच का लिहावी?
२. ‘स्वतःविषयी सांगा’ या प्रश्नाचे तुमचे उत्तर दहा ओळींत लिहा.
३. उर्दूत व मराठीत दोन्हीकडे वापरले जाणारे पाच शब्द शोधा. त्यांचे अर्थ सारखेच आहेत का, ते पाहा.