हरणाच्या मटणाचा हिशेब

चि. भाच्यास,


अमेरिकेत वायोमिंगमधल्या कुण्या शिकाऱ्याने आयुष्यातलं पहिलं प्राँगहॉर्न, म्हणजे तिकडचं हरणासारखं जनावर, मारलं, माळावरच सोललं आणि मटण घरी नेलं, तो व्हिडिओ पाठवून तू विचारलंस की तिकडे याचं कौतुक होतं आणि अहमदपूरच्या माळावर तेच केलं तर जेल, हा कुठला न्याय? तुझ्या रागाचं कारण खोटं नाही. सोयाबीन दोन पानांवर आलं की काळविटांचा कळप उतरतो, शेंडे खुडून जातो आणि हरभऱ्याच्या वेळी पुन्हा हजर. गावातली पोरं ‘एखादं पाडू’ म्हणतायत आणि तुझं मन त्यांच्याकडे झुकतंय, हे तुझ्या लिहिण्यातूनच कळतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझं म्हणणं असं, की तिकडची शिकार चालते कारण तिथे कुणीतरी डोकी मोजतं आणि मारणाऱ्याला जाब विचारतं. तुमच्या बेतात या दोन्ही गोष्टी नाहीत.

व्हिडिओत गोळी दिसते, तिच्या आधीचं दिसत नाही. प्राँगहॉर्न मारायचं तर सरकारी परवाना लागतो, बहुतेक ठिकाणी तो सोडतीत निघावा लागतो. कुठल्या भागात, कुठल्या तारखांना, नर की मादी, सगळं त्यावर ठरलेलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेसुमार शिकारीने ही जनावरं काही हजारांवर आली होती. मग बंदी आली, मोजणी सुरू झाली आणि १९३७ च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा ११ टक्के कर वन्यजीवांच्या कामाला लावला गेला. १९८० च्या दशकापर्यंत संख्या दहा लाखांच्या आसपास गेली. म्हणजे तुझा तो शिकारी कळप वाढवायचे पैसे आधी भरतो आणि मग त्यातलं एक उचलतो.

मटणाचंही तसंच. प्राँगहॉर्नचा केस आतून पोकळ असतो, थंडीत तो ऊब धरतो आणि मेल्यावरही तीच ऊब आत कोंडून ठेवतो. शिकारीचा हंगाम पुष्कळदा उन्हाचा. म्हणून जनावर पडल्याबरोबर पोट उघडायचं, आतडी आणि मूत्राशय न फुटू देता बाहेर काढायचं, कातडं लगोलग उतरवायचं, फासळ्यांच्या पोकळीत बर्फाच्या पिशव्या भरायच्या. केस आणि माती मांसाला लागू द्यायची नाही. उशीर झाला तर वास धरतो आणि मग लोक म्हणतात की त्या जनावराचं मटणच उग्र. खाण्याजोगं मांस माळावर टाकून जाणं हा तिथल्या बऱ्याच राज्यांत स्वतंत्र गुन्हा आहे. हे सगळं नीट व्हायला उजेड लागतो, वेळ लागतो आणि कुणी येईल ही भीती नसावी लागते.

आता पोरांचा बेत बघ. रात्र, बॅटरीचा झोत, कुत्री, मोटारसायकली. झोतात दिसतात फक्त चमकणारे डोळे. काळविटाच्या मादीला शिंगं नसतात, पण ती गाभण आहे का हे त्या उजेडात कोण सांगणार? जखमी होऊन पळालेलं हरीण दोन दिवसांनी कुणाच्या तुरीत मरून पडतं, ते कुणाच्याच मोजणीत येत नाही. जे हाती लागतं ते अंधारात घाईघाईने कापायचं, कोथळा फुटला तरी तसंच कॅरिबॅगांत भरून वाटायचं, मुंडकं नि कातडं पडीक विहिरीत. गावातला खाटीक बोकडाचं मटण अशा हालतीत विकायला बसला तर तूच त्याच्याशी भांडशील.

आपल्याकडेही शिकार परंपरेनं होतीच की, असं तू म्हणशील. होती. पण फासेपारध्यांबद्दल अभ्यासक माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी नोंदवलंय की फाशात अडकलेली पाडसं आणि गाभण माद्या ते सोडून देत. सरकारी परवाना नव्हता तेव्हाही मोजमाप होतं, आणि तेही पोटासाठी फिरणाऱ्यांचं. उद्या माळावर कातडं सापडलं तर चौकशी पहिल्यांदा तुमच्या दारात येईल असं समजू नकोस. ती पारध्यांच्या पालावर जाईल. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये तो कायदा गेला, तरी संशयाची वाट अजून तीच आहे. तुमच्या मटणापायी मार त्यांनी खायचा, हे मला पटत नाही.

दुसरी शंका टेक्ससची. तिथे आपलंच काळवीट १९३२ पासून नेऊन वाढवलंय आणि पैसे भरून मारताही येतं. खरं आहे. पण तिथे ते परदेशी जनावर, खासगी रँचवर पाळलेलं. इथे ते १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. शिक्षा किमान ३ वर्षं, जास्तीत जास्त ७, दंड २५ हजारांपासून पुढे. मारलेलं जनावर सरकारी मालमत्ता धरलं जातं आणि मांस ताब्यात सापडलं तर ते बेकायदा नाही हे तू सिद्ध करायचं. बोकडाचं म्हणून सांगू, या भ्रमात राहू नका. हैदराबादची सीसीएमबी ही प्रयोगशाळा मांसाच्या तुकड्यावरून जनावर ओळखते. कांकाणीच्या १९९८ च्या काळवीट-शिकारीच्या प्रकरणात सलमान खानला शिक्षा सुनावली गेली ती २०१८ मध्ये, आणि पुढे अपील. एवढी वर्षं वकील पोसायची ऐपत आपल्यात कुणाची आहे?

आता पिकाचं. इथे मी सरकारची बाजू घेणार नाही. भरपाई मिळते ती थोडी आणि उशिरा, पंचनाम्याला माणूस वेळेवर येत नाही. शेतकऱ्याने हरणं पोसायची आणि कौतुक शहराने करायचं, ही तक्रार रास्त आहे. पण एक हरीण पाडल्याने कळप हटत नाही, चार दिवसांनी परत येतो. तारेत करंट सोडायचं तर मनातही आणू नकोस, जनावराआधी माणूस चिकटतो. उपाय कळप हलवण्याचा आहे आणि तो होऊ शकतो. मध्य प्रदेशात शाजापूर भागातून २०२५ मध्ये हेलिकॉप्टरने हाकून शेकडो काळविटं पकडली आणि अभयारण्यात नेऊन सोडली. तसं इथे मागायचं तर नुसती ओरड पुरत नाही, कागद लागतो. नुकसान झालं की त्याच दिवशी फोटो काढ, सातबारा जोडून वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज दे आणि पोच घे. शेजाऱ्यापाजाऱ्यांचे अर्ज एका वेळी जाऊ देत. ज्या पोरांना रात्री माळावर जायची हौस आहे, त्यांनी पहाटे बांधावर बसावं आणि वहीत मांडावं: तारीख, वेळ, गट नंबर, पीक, काळे नर किती, माद्या किती, पाडसं किती. एक हंगाम भरला की वही घेऊन नांदेडला माझ्याकडे ये, निवेदन मी लिहून देतो.

तुझा,
मामा