सरपंच झालीस, आता स्वतःला ओळख

पोरी, गुलाल उडाला, पेढे वाटून झाले. आता कामाचं ऐक. कायदा तुला प्रशिक्षणात शिकवतील. स्वभावाचं प्रशिक्षण कुणी देत नाही, आणि पंचायतीत माणूस कायद्यापेक्षा स्वतःच्या स्वभावात जास्त अडकतो. बायकांना 33 टक्के जागा मिळाल्या तेव्हापासून मी हेच बघत आले आहे.

तू कशाला भुलतेस आणि कशाला भितेस, हे गाव महिनाभरात ओळखतं. ठेकेदाराला तेवढाही वेळ लागत नाही. त्याच्या आधी ते तुला कळायला हवं. ‘ताई, तुमच्याशिवाय हे झालंच नसतं’ असं कुणी म्हटलं की तू विरघळतेस, लहानपणापासूनची खोड आहे. तेव्हा हे वाक्य बोलून कुणी कागद पुढे सरकवला, की त्या दिवशी पेन उघडायचं नाही.

दुसरी खोड, अडाणी दिसायची लाज. पंचायतीचे पैसे तुझ्या आणि भाऊसाहेबांच्या, दोघांच्या सहीने निघतात. (ग्रामसेवकाचं पद आता कागदावर ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झालंय, गाव भाऊसाहेबच म्हणणार.) वित्त आयोगाच्या निधीत बंधित किती, अबंधित किती, हे समजलं नाही तर मान डोलावू नकोस. मासिक सभेत सगळ्यांसमोर विचार. निम्म्या सदस्यांनाही ते माहीत नसतं. ते तुला मनातून दुवा देतील.

आता अवघड गोष्ट. तुला ‘नाही’ म्हणता येत नाही. हिवरे बाजारला पोपटराव पवार 1989 मध्ये सरपंच झाले. तिथं दरवर्षी पाण्याचा ताळेबंद गावापुढे मांडतात आणि पाणी किती आहे ते बघून पिकं ठरवतात; शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी आहे. ज्यांनी मतं दिली त्यांनाच ‘बोअर नको’ सांगायचं, हे सोपं नाही. सगळ्यांचं मन राखणाऱ्या सरपंचाला ते एकट्याने झेपत नाही. तुझा स्वभाव या वयात बदलायचा नाही, मग त्याला आधार दे. गायरानातलं अतिक्रमण असो की नळजोडणी, नियम आधी ग्रामसभेत ठरावाने पक्का करून घे. पुढे कुणी दारात येऊन बसला, की चहा तू पाजायचा आणि ‘नाही’ ठरावाने म्हणायचं.

जावईबापू भला माणूस आहे, पण परवा सभेत घरपट्टीचा प्रश्न आला आणि तुझी मान आपोआप त्यांच्याकडे वळली. मागच्या बाकावरच्या बायकांनीही ते पाहिलं. 2011 पासून राज्यात निम्म्या जागा बायकांच्या आहेत, तरी खुर्चीमागे उभा राहणारा ‘सरपंचपती’ काही हटलेला नाही. त्यांना सभेच्या वेळी शेतावर पाठव. वाईट वाटलं तर माझं नाव सांग.

आणखी एक खूण देते, ती कुणाला सांगू नकोस. ग्रामसभेला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतले जे कमी तेवढे लोक लागतात. जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. काही सरपंच याचीच वाट बघतात, मग चार डोकी बसवून ठराव उरकतात. सभा तहकूब झाली की तुला मनातून हायसं वाटतं का, तेवढं बघ. वाटलं, तर तू कुठल्या तरी प्रश्नाला टाळते आहेस. तो कुठला, ते घरी जाऊन शोध आणि पुढच्या विषयपत्रिकेत पहिला घाल.

बाकी रागाचं मी सांगत नाही. तो तुला आहे हे अख्ख्या वाडीला ठाऊक आहे. दुपारी जेवल्याशिवाय कुणाशी भांडायला बसू नकोस, एवढं पुरे.

आणि ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते. तिची नोटीस या आठवड्यातच काढ.