रांगोळीच्या ठिपक्यांवर घोडखिंडीची लढाई



रांगोळीचे ठिपके दोन तऱ्हांनी घालतात. एक सरळ ठिपके, म्हणजे खालच्या ठिपक्याच्या बरोबर डोक्यावर वरचा ठिपका. त्यातून चौकोन तयार होतात. दुसरे मधले ठिपके, म्हणजे खालच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध वरचा ठिपका. दिवाळीत आई अंगणात १५ ते ८ घालते ती या दुसऱ्या तऱ्हेची. मधल्या ओळीत १५ ठिपके, मग वर आणि खाली १४, १३, १२ असे कमी करत शेवटच्या ओळीत ८. सगळे मिळून १६९ ठिपके होतात. बाहेरून सहा कोनांचा आकार दिसतो. आतला कोणताही एक ठिपका धरा, त्याच्या भोवती बरोबर सहा ठिपके असतात आणि सहाही सारख्याच अंतरावर.

या ठिपक्यांवर लढाईचा खेळ फार छान खेळता येतो. प्रत्येक ठिपका म्हणजे एक घर समजायचं. घराला सहा बाजू, म्हणून शेजारी सहा.

कोणी म्हणेल, बुद्धिबळाचा पट चौकोनी असतो, मग आपला का नको? त्याचं कारण पट्टी घेतली की कळतं. गणिताच्या चौकटीच्या वहीत एक सेंटिमीटरचे खाने असले तर सरळ १० खाने चाललं की १० सेंटिमीटर होतात. पण तिरके, कोपऱ्यातून कोपऱ्यात असे १० खाने चाललं तर पट्टीवर १४ सेंटिमीटर भरतात, वर थोडं जास्तच. दोघांच्या चाली दहाच, पण तिरका जाणारा चार सेंटिमीटर फुकट पुढे जातो. लढाईच्या खेळात हे चालणार नाही. कारण पाठलाग असला म्हणजे एकेका घरावरून भांडण होतं.

दुसरं भांडण कोपऱ्याचं. चौकोनी पटावर डोंगराचे दोन खाने एकमेकांना फक्त कोपऱ्याने चिकटलेले असले, तर त्या कोपऱ्यातून सैनिक जाऊ शकतो की नाही? एकजण म्हणतो जातो, दुसरा म्हणतो डोंगर आहे, कसा जाईल? सहा बाजूंच्या घरांत हे भांडणच येत नाही. तिथे दोन घरं चिकटली तर अख्खी बाजू चिकटते, नुसता कोपरा कधीच नाही.

मग पाच बाजूंची किंवा आठ बाजूंची घरं का नाहीत? करून बघा. जुन्या पुठ्ठ्याचे सारखे आकार कापा आणि जमिनीवर फट न ठेवता लावा. बाजू आणि कोन सारखे असलेले फक्त तीनच आकार बसतात, त्रिकोण, चौकोन आणि षटकोन. पाच बाजूंच्यात फट राहते, आठ बाजूंच्यात मध्ये चौकोनी भोक पडतं. मधमाश्यांच्या पोळ्यात षटकोनच असतात.

षटकोनातही एक खोट आहे, ती लपवून ठेवत नाही. ठिपके दोन-दोन सेंटिमीटरवर असतील तर ओळीतून किंवा ओळीला तिरपं जाताना दोन घरांना ४ सेंटिमीटर होतात. पण ओळींच्या अगदी उभं वर जायचं असेल तर नागमोडी जावं लागतं. तेव्हा दोन घरं चालून पट्टीने साडेतीन सेंटिमीटरच अंतर कापलं जातं. तरी चौकोनापेक्षा फरक कमी पडतो.

गुरुजींनी सांगितलं की असे खेळ मोठी माणसंसुद्धा खेळतात. बुद्धिबळ आपल्या भारतातल्या चतुरंगातून आलं. दोनशे वर्षांपूर्वी प्रशिया देशात राइसवित्झ नावाच्या बापलेकांनी सैन्यातल्या अधिकाऱ्यांना शिकवण्यासाठी नकाशावरचा लढाईचा खेळ केला. मुलाचे नियम १८२४ साली छापले गेले. त्यात घरं नव्हती, नकाशावर पट्टीने अंतर मोजायचे. अमेरिकेत चार्ल्स रॉबर्ट्स यांनी १९५४ साली विकायला आणलेला खेळ चौकोनी घरांचा होता. त्यांच्याच कंपनीने १९६१ साली गेटिसबर्गच्या लढाईचा खेळ षटकोनी घरांवर छापला आणि तेव्हापासून लढाईच्या पटांवर हीच घरं जास्त दिसू लागली. कॉम्प्युटरवरच्या खेळांतही ती असतात. आमच्याकडे रांगोळी आहे, म्हणून काही विकत आणावं लागलं नाही.

आता नियम. मावळे म्हणजे चिंचोके. एका चिंचोक्यात १०० माणसं समजायची. शत्रूचं सैन्य म्हणजे काजूबिया. महाराज आणि त्यांच्याबरोबरची माणसं म्हणजे एक लाल गुंज. एका घरात एकच सोंगटी राहते.

चालण्यासाठी दर पाळीला प्रत्येक सोंगटीला ६ पावलं मिळतात. माळाच्या घरात जायला १ पाऊल लागतं, झाडीच्या घरात २ आणि ओढ्याच्या घरात ३. पावलं संपली की थांबायचं. म्हणून माळावर ६ घरं जाणारी सोंगटी झाडीत ३ घरंच जाते. जी सोंगटी रात्रभर चालून आलेली आहे तिला ६ ऐवजी ४ पावलं.

धाक हा नियम सगळ्यात महत्त्वाचा. सोंगटीच्या भोवतीच्या सहा घरांवर तिचा धाक असतो. शत्रू त्या घरात आला की त्याला त्या पाळीपुरतं थांबावंच लागतं, पावलं उरलेली असली तरी. त्यामुळे दोन चिंचोक्यांच्या मध्ये दोन घरं मोकळी ठेवली तरी त्यातून एका पाळीत कोणी सटकत नाही. कबड्डीत कडं न करता चढाईवाल्याला कोपऱ्यात ठेवतात तसं.

लढाई फाशाने. चिंचोक्याला चिकटलेली प्रत्येक काजूबी एक फासा टाकते. ५ किंवा ६ पडले तर एक चिंचोका उचलायचा. म्हणजे तीन फाशांमागे साधारण एक चिंचोका जातो. पुढचा चिंचोका पण फासा टाकतो, त्याला ४, ५, ६ पडले तर एक बी उचलायची.

आता खरी गोष्ट. १६६० साली महाराज पन्हाळगडावर होते आणि सिद्दी जौहरने गडाला वेढा दिला होता. जुलै महिना, भर पाऊस. महाराज रात्री सुमारे ६०० माणसांनिशी गडावरून निसटले. शिवा काशीद महाराजांसारखा पोशाख करून दुसऱ्या पालखीत बसला, तो पकडला गेला आणि त्याने प्राण दिले. सिद्दी मसूद पाठलागावर निघाला. घोडखिंडीपाशी बाजीप्रभू देशपांडे निम्मी माणसं, म्हणजे ३०० बांदल मावळे घेऊन थांबले आणि महाराज विशाळगडाकडे गेले. म्हणून पटावर तीन चिंचोके मांडायचे. काजूबिया आम्ही मोजून घेत नाही, लागतील तेवढ्या घ्यायच्या. सैन्य मोठं होतं एवढं खरं.

हे तीन चिंचोके कुठे ठेवायचे यावर सगळा खेळ आहे. शेजारच्या चित्रात तीन जागा काढल्या आहेत, त्या बोट ठेवून मोजा.

पहिली जागा, मोकळा माळ. तीन चिंचोके एकमेकांना चिकटून त्रिकोणात ठेवले तर भोवती ९ घरं येतात. नऊही घरांत बिया येऊन बसतात. नऊ फासे, म्हणजे साधारण तीन चिंचोके. एका पाळीत सगळे संपले.

दुसरी जागा, खिंडीचं तोंड. खिंड एका घराएवढी रुंद, दोन्ही बाजूंना कडा. एक चिंचोका तोंडावर आणि दोन त्याच्या मागे. तोंडावरच्या चिंचोक्याला पुढून फक्त तीन घरं चिकटतात, समोरचं, डावीकडचं आणि उजवीकडचं. तीन फासे, एक चिंचोका. मागचा पुढे येतो. असे तिघे मिळून तीन पाळ्या टिकतात.

तिसरी जागा, तोंडापासून एक घर आत. नुसतं एकच घर मागे सरायचं! आता डावीउजवीकडे कडा आली आणि समोर एकच घर राहिलं. पलीकडे माळावर पन्नास बिया असोत नाहीतर पाचशे, फासा एकच पडणार. तीन पाळ्यांना एक चिंचोका, म्हणजे तिघे मिळून साधारण नऊ पाळ्या.

माळावर एक, तोंडावर तीन आणि आत नऊ. माणसं तीच, शस्त्रं तीच, फासाही तोच. मला हे मोजल्यावर फार आश्चर्य वाटलं. बाजीप्रभू शूर होते हे सगळ्यांना पाठ असतं, पण जागा किती विचार करून धरली होती ते घरं मोजल्यावर दिसतं.

पण नऊ पाळ्या लागतात तरी का? आमच्या पटावर खिंडीपासून विशाळगडापर्यंत झाडीची १२ घरं आहेत. (ही खरी मैलांची मोजणी नाही, पटाची आहे.) गुंज थकलेली, ४ पावलं, म्हणून झाडीत दर पाळीला २ घरं जाते. बी ३ घरं जाते. बिया गुंजेच्या एक पाळी मागे खिंडीत पोचतात. कोणीच अडवलं नाही तर पहिल्या पाळीला गुंज २ घरांवर, दुसऱ्या पाळीला गुंज ४ वर आणि बी ३ वर, तिसऱ्या पाळीला दोघंही ६ व्या घरावर. नेमकी अर्ध्या वाटेत गाठ पडते.

दोन पाळ्या अडवलं तर? गुंज सहाव्या पाळीला १२ व्या घरावर पोचते तेव्हा बी ९ व्या घरावर असते. म्हणजे दोन पाळ्या पुरल्या असत्या, खिंडीच्या तोंडावर लढूनसुद्धा भागलं असतं. पण विशाळगडाचा रस्ता मोकळा नव्हता! तिथे आधीच शत्रूचा वेढा होता, आणि वेढा घालणारे कोण, तर आपल्या कोकणातले सरदार, शृंगारपूरचे सूर्यराव सुर्वे आणि पालवणचे जसवंतराव दळवी. शृंगारपूर आपल्या शेजारच्या संगमेश्वर तालुक्यात आहे. हे वाचून वर्गात सगळे गप्प झाले. (पुढच्याच वर्षी, १६६१ साली, महाराजांनी शृंगारपूर घेतलं.)

तो वेढा फोडायला पटावर तीन पाळ्या धरल्या आहेत. म्हणजे गुंज गडात शिरणार नवव्या पाळीला. आता बियांना दोन पाळ्या अडवून उपयोग नाही, त्या सातव्या पाळीला येऊन मागून धरतील. चार पाळ्या अडवलं तर नेमक्या नवव्या पाळीला दारात गाठतील. पाच पाळ्या अडवलं तरच गुंज सुटते. दोनाच्या पाच झाल्या त्या त्या दोन सरदारांमुळे. आणि पाच पाळ्या टिकायचं तर माळ चालत नाही, तोंड चालत नाही, एक घर आतच उभं राहावं लागतं. तेव्हासुद्धा खात्री नाही. पाच डाव खेळलं की एखाद्या डावात फासे असे पडतात की तिन्ही चिंचोके वेळेआधी जातात. त्या वेळी सिद्दीच्या बाजूने खेळणारासुद्धा ओरडत नाही.

माझी आजी पटाजवळ बसून बघत होती. तिने विचारलं, "राजा गेला गो गडावर, पण ही चिंचोक्यांतली माणसं परत कशी येणार?" नियमात तसं काहीच नव्हतं. गुंज पोचली की डाव संपायचा. खऱ्या लढाईत बाजीप्रभू गडावरच्या तोफेचा आवाज होईपर्यंत लढले आणि तिथेच पडले, असं सांगतात. त्यांच्याबरोबरचे पुष्कळ बांदल पडले, म्हणून घोडखिंडीला पावनखिंड म्हणतात. आजीच्या प्रश्नानंतर आम्ही नियम घातला की गुंज गडात शिरल्यावर उरलेल्या चिंचोक्यांनी मागच्या झाडीतून बाहेर पडायचं आणि जेवढे पटाच्या कडेला पोचतील तेवढे जास्तीचे गुण. आता खेळणारे चिंचोके जपून वापरतात.

खिंड नेहमी थोड्यांच्याच कामी येते असं नाही, ती कोणाच्या कोणत्या बाजूला आहे ते बघावं लागतं. फेब्रुवारी १६६१ मध्ये कारतलबखान मोठी फौज घेऊन घाट उतरून कोकणात यायला निघाला. खोपोलीजवळच्या उंबरखिंडीत महाराजांनी त्याला गाठलं. याचाही पट आम्ही मांडला. अरुंद वाटेची १२ घरं आणि त्यात १२ बिया एकीमागे एक. पुढच्या तोंडावर चिंचोका, मागच्या तोंडावर चिंचोका. मधल्या प्रत्येक बीच्या सहा शेजारी घरांपैकी दोन घरांत तिच्याच सोबतच्या बिया, त्या असून नसल्यासारख्या. उरलेली चार घरं झाडीची. घोडखिंडीत तिथे कडा होती, इथे झाडीत मावळे लपलेले. मधल्या बीवर चार-चार फासे पडतात आणि तिला मात्र एकच टाकायला मिळतो. तोही झाडीतलं माणूस दिसत नाही म्हणून ६ पडले तरच मोजायचा.

हा डाव लवकर संपतो. बिया भराभर उचलाव्या लागतात. खानाबरोबर रायबागन नावाची एक शूर सरदार स्त्री होती. तिने खानाला शरण जाण्याचा सल्ला दिला. खानाने खंडणी कबूल केली आणि महाराजांनी त्याच्या फौजेला जाऊ दिलं. आमच्या खेळात शरण जाण्याचा नियम नव्हता. सातवी बी उचलल्यावर खान झालेल्या मुलीने हात वर केला आणि म्हणाली, "मला रायबागनचं ऐकायचंय." मग तो नियम लिहून घेतला. तो वहीत अकरावा आहे.