वल्ह्याने परत येता येईल तिथवरच

बाय,

ऑक्टोबरात माल्टाला चाललीस आणि तिथे गाईडबरोबर चार दिवस पाण्याखाली ओढून नेणारी मोटरची स्कूटर घेऊन डाइव्ह करणार आहेस, हे तुझ्या बाबाकडून कळलं. तुझ्या खाती सव्वाशे डाइव्ह आहेत, नेत्राणी झालं, अंदमान झालं. कान कसे मोकळे करायचे आणि मास्कमधलं पाणी कसं काढायचं हे मी आता तुला सांगत बसत नाही. पण मी माल्टात सात उन्हाळे गाईड म्हणून काढले. त्यातलं जे तिथल्या पुस्तिकेत नसेल, ते लिहून पाठवतो.

आधी तुझ्या आजोबांचं सांगतो, कारण बाकी सगळं त्यातूनच निघतं. आमच्या होडीला मशीन बसलं तेव्हा मी दहा-अकरा वर्षांचा असेन. वारा पडलेला असतानाही होडी पाणी कापत आत जायला लागली, आणि मी हरखून गेलो होतो. आजोबांनी वल्ही काही घरी ठेवली नाहीत. मला म्हणाले, "मशीन खंयपर्यंत न्हेता ता बघू नको. वल्ह्यान खंयसून परत येवक जमात, ता बघ." पुढे पाण्याखाली स्कूटर हातात आली तेव्हा मला या एका वाक्याइतकं दुसरं काहीच उपयोगी पडलं नाही. तुझे फिन्स म्हणजे तुझी वल्ही.

आता हिशेब मांडून दाखवतो, म्हणजे तुला पटेल. समज, तू २० मीटर खोलीवर आहेस. तिथला दाब वरच्या तिप्पट. पाठीवर १२ लिटरचा सिलिंडर, २०० बार भरलेला, म्हणजे २४०० लिटर हवा. स्कूटर तुला ओढते आहे, तू निवांत आहेस, तेव्हा मिनिटाला वरच्या हिशेबाने १५ लिटर, म्हणजे त्या खोलीवर ४५ लिटर लागतात. स्कूटर मिनिटाला ५० मीटर जाते असं धर. दहा मिनिटांत तू अर्धा किलोमीटर पुढे गेलीस आणि ४५० लिटर खर्च झाले. गेजवर १६० बारच्या वर दिसतंय, सगळं झकास. आणि तिथे मोटर बंद पडली.

आता पोहत ये. बरा पोहणारा पाणबुड्या मिनिटाला १५ मीटर जातो. ५०० मीटरला ३३ मिनिटं. दमछाक होते म्हणून श्वास वाढतो, मिनिटाला ७५ लिटर धर. जवळजवळ २५०० लिटर लागतील. तुझ्याकडे उरलेत १९५०. म्हणजे भरलेल्या सिलिंडरने निघून, दहाच मिनिटं मजेत जाऊन, तू परतीच्या वाटेवर शंभर मीटर अलीकडे कोरडी पडलीस. बंद स्कूटर बरोबर ओढत आणलीस तर त्याहूनही अलीकडे. वर येऊन पृष्ठभागावरून पोहता येईल, हे खरं. पण माल्टात वीद इझ-झुरीच्या खाडीतून निळ्या गुहेकडे पर्यटकांच्या होड्यांची सारखी ये-जा असते, आणि बाकी किनाऱ्याला बऱ्याच ठिकाणी उभे कडे आहेत. तिथे कुठेही वर यावं आणि चढून बाहेर पडावं, असं होत नाही.

तोच हिशेब पाच मिनिटांवर वळून कर. पोहत परत येऊनही पंचाहत्तर बारच्या वर उरतात. पाच आणि दहा मिनिटांत एवढा फरक आहे, आणि पाण्याखाली तो जाणवत नाही, कारण दोन्ही वेळा तू तितकीच आनंदात असतेस. म्हणून वळायची वेळ गेजवर सोडू नकोस. पाण्यात उतरण्याआधी मिनिटांत ठरव आणि गाईडला विचार: "या ठिकाणाहून आपण पोहत परत येऊ शकतो का?" काही गाईड म्हणतील, एक स्कूटर बंद पडली तर दुसरी ओढून आणेल, तेव्हा अजून पुढे जाऊ. ते चुकीचं नाही. पण मग ओढून आणण्याचा सराव पहिल्याच दिवशी, उथळ पाण्यात, तुमच्या गटातल्या प्रत्येकाने केलेला पाहिजे. केला नसेल तर ते नुसतं बोलणं आहे.

तो सराव असा. बंद पडलेली स्कूटर मागच्या कडीला अडकवायची, म्हणजे ती मांड्यांच्या मागे आडवी तरंगत येते. मग ओढणाऱ्याच्या मांड्यांमधल्या पट्ट्याला एका हाताने धरायचं आणि अंग सरळ ठेवायचं. ओढणाऱ्याने वेग कमी करायचा. मागच्याच्या तोंडावर पंख्याचा झोत येत असेल तर थोडं बाजूला सरकायचं. दोघांपैकी कोणाला तरी सारखं मागे वळून बघता आलं पाहिजे. हे दहा मिनिटांचं काम आहे आणि कंटाळवाणं आहे, म्हणून लोक टाळतात. तू टाळू नकोस. गाईडने घेतलं नाही तर तू मागून घे.

दुसरी गोष्ट खोलीची. श्वास सोडत वर येण्याचा वेग मिनिटाला ९ मीटरच्या आत, हे तू जाणतेस. ५० मीटरने धावणाऱ्या स्कूटरचं नाक फक्त तीस अंश वर झालं, तर तू मिनिटाला २५ मीटरने वर चाललीस. जवळपास तिप्पट. आणि आडवी धावत असताना तीस अंश म्हणजे तुला काहीच वाटत नाही, आपल्याकडच्या घाटीचा चढसुद्धा त्याहून जास्त जाणवतो. एकदा माझ्या गटातला एक अनुभवी माणूस बराकुडांच्या थव्यामागे लागला. मासे गोल फिरत वर चढत होते, हाही त्यांच्यामागे. २२ मीटरवरून ९ मीटरवर आला तेव्हा घड्याळ ओरडत होतं आणि त्याला ते मोटरच्या आवाजात ऐकू आलं नव्हतं. त्याला काही झालं नाही. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही, कारण मी त्याच्या पुढे होतो आणि मागे बघायला मला उशीर झाला होता. स्कूटर वर जाण्यासाठी कधीच वापरायची नाही. वर यायचं असेल तेव्हा ट्रिगर सोड, थांब, स्कूटर अडकवून टाक आणि नेहमीसारखी श्वासावर ये.

खाली जातानाही तेच, फक्त फसगत वेगळी. वेगात असताना तू जड झालेली असलीस तरी स्कूटर तुला उचलून धरते. बीसीडीत, म्हणजे तरंगायच्या जाकिटात, हवा घालायची राहून जाते. मग काहीतरी बघायला ट्रिगर सोडतेस आणि दगडासारखी खाली जातेस. माझी सवय अशी होती, आणि ती मी तुला आग्रहाने सांगतो: दर दोन-तीन मिनिटांनी ट्रिगर पूर्ण सोडायचा आणि दोन श्वास नुसतं लटकून राहायचं. खाली गेलीस तर हवा घाल, वर गेलीस तर काढ. तेवढ्यातच गेज बघ, खोली बघ, जोडीदार बघ. म्हणूनच डावा हात मोकळा ठेवायचा, उजव्या हाताने चालवायचं.

नायट्रॉक्स घेणार असशील तर आणखी एक. ३२ टक्के ऑक्सिजनच्या मिश्रणाची हद्द साधारण ३३ मीटर. उम एल फरूद हे जहाज जिथे बसलंय तिथली वाळू ३६ मीटरवर आहे. पोहत असताना ते तीन मीटर तू जाणूनबुजून उतरशील. स्कूटरवर ते नकळत उतरले जातात.

आता दोरी. चांगल्या स्कूटरची ओढ हातांवर घ्यायची नसते. तिची दोरी मांड्यांमधल्या पट्ट्यावरच्या कडीला अडकते आणि सगळी ओढ कमरेवर येते. हाताने फक्त दिशा द्यायची. दोरी बरोबर बसली की कोपर किंचित वाकलेलं आणि सैल असतं, पंख्याचा झोत पोटाखालून निघून जातो. झोत छातीवर आदळत असेल किंवा पहिल्या दिवशी संध्याकाळी खांदे भरून आले, तर दोरीची लांबी चुकली. गाठ मारून, सोडून, पुन्हा मारून बघ. उंच माणसाने वापरलेली दोरी तुला तशीच देतील, ती तशीच घेऊ नकोस. दोरी कापायची पाळी आली तर कटर डाव्या हाताला मिळेल असा लाव. पाणी शिरलेली स्कूटर पंधरा-वीस किलोंचं ओझं होते, आणि दोरी ताणलेली असताना हूक सहज निघत नाही. अशा वेळी स्कूटरच्या किमतीचा विचार करायचा नाही.

भूमध्य समुद्र आपल्यापेक्षा खारट आहे. लिटरला ३८ ग्रॅमच्या आसपास मीठ, आपल्याकडे अरबी समुद्रात ३५-३६. त्यात तुझा सूटही जाड असणार. कमरेला नेहमीपेक्षा वजन जास्त लागेल, पहिल्याच दिवशी उथळ पाण्यात तपासून घे. स्कूटरही तीन मीटरवर हातातून सोडून बघ, ती वर जाते की खाली. दोन्ही नको, जागेवर राहायला हवी.

वेणी आत खोच. टोपीत, सूटमध्ये, कुठेही, पण मोकळी नको. गेजचं लोंबकळणारं टोक, जास्तीचा रेग्युलेटर, सैल पट्टा, सगळं अंगाला घट्ट. पंखा यातलं काहीही ओढून घेतो. जमिनीवर असताना ट्रिगरचं कुलूप लावलेलं असू दे. ट्रिगर अडकून मोटर चालूच राहिली तर तुझ्या हातातली नेमकी ती स्कूटर कशी बंद होते, हे आधी विचार. प्रत्येक कंपनीची तऱ्हा वेगळी. वेगात मान एकदम आडवी वळवलीस तर पाण्याचा लोंढा मास्क उचकटतो. बघायचं असेल तर वेग कमी करून बघ. होकायंत्र मोटरजवळ धरलंस तर चुंबक त्याला फसवतं, हात लांब करून वाच.

आणि थंडी. ऑक्टोबरात तिथलं पाणी २३-२४ अंश असतं, ऐकायला बरं वाटतं. पण स्कूटरवर तुझे पाय चालत नाहीत आणि वाहतं पाणी सूटमधून सारखं खेळत राहतं. चाळीस मिनिटांनी हुडहुडी भरते. हूड घेऊन जा.

पहिल्या दिवशी गाईड तुम्हाला बहुधा वॅलेटाच्या सेंट एल्मो किल्ल्याखाली 'माओरी'वर नेईल. ही ब्रिटिश विनाशिका 'बिस्मार्क' या युद्धनौकेच्या पाठलागात होती. फेब्रुवारी १९४२ मध्ये माल्टाच्या बंदरात बॉम्बने बुडाली, नंतर उचलून इथे आणून टाकली. जेमतेम पंधरा मीटर पाणी, स्कूटरशी ओळख करून घ्यायला याहून चांगली जागा नाही. तिथे असताना किल्ल्याच्या टोकाशी असलेल्या पुलाकडे बघ. २६ जुलै १९४१ च्या पहाटे इटालियन नौदलाचे लोक स्फोटकांच्या होड्या आणि माणसांनी स्वार व्हायचे, सावकाश चालणारे टॉर्पेडो घेऊन या बंदरावर आले होते. त्या टॉर्पेडोला ते डुक्कर म्हणत, कारण तो आवरत नसे. तो घडवणाऱ्यांपैकी एक, तेझेओ तेझेई, स्वतः त्यावर बसून आला आणि त्याच हल्ल्यात गेला. पुलाचा एक गाळा कोसळला आणि बंदराचं ते तोंडच बंद झालं. तुझ्या हातातल्या स्कूटरचा पूर्वज तो. मला त्या पाण्यात उतरताना प्रत्येक वेळी ते आठवायचं.

चिर्केव्वाला 'रोझी' ही टगबोट आणि 'पी २९' ही गस्तनौका आहे. पोहून एका डाइव्हमध्ये एकच धड बघून होते. स्कूटरने दोन्ही होतात, आणि मला विचारशील तर स्कूटरचं खरं कौतुक तिथेच आहे. वाटेत पोसिडोनियाची कुरणं लागतील, लांब पात्यांचं समुद्री गवत, ही जात फक्त भूमध्य समुद्रात उगवते. फार हळू वाढतं ते. त्याच्यावरून जाताना दोन मीटर उंच राहा, पंख्याचा झोत मुळाशी जाऊ देऊ नकोस.

उम एल फरूदवर मात्र स्कूटर जहाजापाशी पोचल्यावर बंद कर आणि मागे अडकव. ११० मीटर लांबीचं तेलवाहू जहाज ते. फेब्रुवारी १९९५ मध्ये गोदीत त्याच्यावर स्फोट झाला, नऊ कामगार गेले. १९९८ मध्ये ते मुद्दाम बुडवलं. स्कूटर घेऊन आत शिरायचं नाही, गाळ उठला की स्वतःचा हात दिसत नाही. आणि त्या नऊ माणसांसाठीही तिथे आवाज नको, असं मला वाटतं. माझ्या गटांना मी तसं सांगायचो, आणि सगळे ऐकायचे.

इथून स्वतःची स्कूटर न्यायचा विचार करू नकोस. १६० वॉट-तासांपेक्षा मोठी लिथियम बॅटरी प्रवासी विमानात घेत नाहीत, आणि स्कूटरच्या बॅटऱ्या सहसा त्याच्या कितीतरी पट असतात. तिथेच भाड्याने घे. घेताना बॅटरीचा डबा आपल्या देखत बंद करायला सांग आणि रबरी कड्यावर केस किंवा वाळूचा कण नाही ना, हे स्वतः बघ. परतीचं विमान शेवटच्या डाइव्हनंतर १८ तासांच्या आत नको, पूर्ण दिवस ठेवलास तर उत्तम. माल्टात मातेर देई रुग्णालयात दाबकक्ष आहे. सांधा दुखला, अंगावर मुंग्या आल्या, विनाकारण थकवा वाटला, तर लाज धरू नकोस, त्याच तासाला गाईडला सांग.

पहिल्या दिवसानंतर रात्री मला मेसेज कर. फोटो नंतर पाठव, आधी दोरी किती लांबीवर बसली आणि खांदे दुखतात का ते कळव.

तुझा काका