हलत्या बोटीत अंग टेकायला जागा: काय करावे, काय टाळावे

१ जून ते ३१ जुलै हे पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींच्या मासेमारी बंदीचे ६१ दिवस. बोटी वर ओढलेल्या आणि शाकारलेल्या असतात. इंजिन उघडलं जातं, जाळी दुरुस्तीला निघतात, लाकूडकाम आणि रंगकाम होतं. खलाशांच्या झोपायच्या जागेचा नंबर या यादीत बहुधा शेवटी लागतो आणि पैसे संपले की गळतो. खरं तर सुतारही हाताशी असतो आणि केबिनही रिकामी. बर्थ सुधारायला याहून चांगला मुहूर्त नाही.

एक गोष्ट आधीच पक्की करू. बोटीवरचा आराम म्हणजे मऊ गादी नव्हे. आधी श्वासाला चांगली हवा, मग कोरडं अंथरूण, मग लाटेवर अंग धरून ठेवणारा आधार. मऊपणा चौथा. पुढच्या सूचना ४०-५० फुटांच्या, सात-आठ खलाशांच्या मासेमारी बोटीला धरून आहेत. शिडाच्या छोट्या नौकेलाही यातल्या बऱ्याच लागू पडतात.

१. जागा ठरवताना

*काय करावे*

- बर्थ बोटीच्या लांबीला धरून ठेवा. बोट डाव्या-उजव्या बाजूला लोळते तेव्हा असा झोपलेला माणूस फक्त कुशीवर कलतो. आडव्या बर्थवर प्रत्येक लाटेला डोकं खाली आणि पाय वर होतात.
- जागा बोटीच्या मध्यापासून किंचित मागे आणि जमेल तितकी खाली निवडा. हालचाल तिथे सर्वांत कमी असते.
- केबिन इंजिनाच्या डोक्यावरच असेल, तर बरोबर वरची जागा सामानाला द्या आणि बर्थ दोन्ही बाजूंना सरकवा.

*काय टाळावे*

- चालत्या बोटीत नाळेकडच्या खोबणीत झोपणं. लाटेवर नाळच सर्वांत जास्त उचलली आणि आपटली जाते. नांगर टाकून शांत बंदरात असाल तर हरकत नाही.
- मासळीच्या खणातून किंवा इंजिनरूममधून थेट झोपायच्या जागेत उघडणारं दार. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००७ च्या मासेमारीविषयक करारातही (क्रमांक १८८) अशा दाराला मनाई आहे. अपवाद फक्त संकटात बाहेर पडण्याच्या वाटेचा.
- चालत्या बोटीत केबिनच्या टपावर झोपणं. उकडतं म्हणून खलाशी टपावर जात असेल, तर त्याला दटावून भागणार नाही. केबिनमध्ये हवा नाही, एवढाच त्याचा अर्थ.

२. मापं आणि आधार

*काय करावे*

- लांबी सर्वांत उंच खलाशाच्या उंचीपेक्षा दहाएक सेंटिमीटर जास्त ठेवा. १९० सेंटिमीटर बहुतेकांना पुरते.
- रुंदी खांद्याशी ६० ते ६५ सेंटिमीटर ठेवा. पायाशी ४५ वरही निभावतं. वरच्या करारात १९८ बाय ८० सेंटिमीटर हे किमान माप दिलं आहे, पण ते २४ मीटर आणि त्याहून लांब बोटींसाठी. छोट्या बोटीत थोडा अरुंद बर्थच बरा, कारण अंग दोन्ही बाजूंना टेकतं आणि झोपेत स्वतःला सावरत बसावं लागत नाही.
- दोन बर्थ एकावर एक असतील, तर मध्ये निदान ६० सेंटिमीटर मोकळे सोडा. उठून बसता येईल इतकी, म्हणजे ९० च्या आसपास उंची मिळाली तर उत्तमच.
- प्रत्येक बर्थला आडकापड लावा. जाड कॅनव्हासचा दीड मीटर लांबीचा पट्टा घ्या. त्याची खालची कड गादीच्या खाली, फळीच्या आतल्या बाजूला लाकडी पट्टीने दाबून स्क्रूने पक्की करा. वरच्या दोन कोपऱ्यांना पितळी रिंगा ठोका आणि त्यांतून दोरी ओवून छताच्या कड्यांना बांधा. कापड गादीच्या वर ३० ते ४० सेंटिमीटर यायला हवं, खांद्यापासून मांडीपर्यंत. गाठ अशी मारा की आत झोपलेल्याला एका ओढीत सोडता येईल. दिवसा हेच कापड गादीखाली सरकवता येतं.
- कॅनव्हास नसेल, तर २० सेंटिमीटर उंचीची आडवी फळी खाचेत बसवा. उचलून काढता आली पाहिजे.

*काय टाळावे*

- सगळ्यांसाठी एकच सलग रुंद फळी. बोट कलली की झोपलेले एकमेकांवर घरंगळतात आणि एकाच्या उठण्याने सगळे जागे होतात.
- आडोशाशिवाय वरचा बर्थ. रेल्वेच्या वरच्या बर्थवरून सहसा कुणी पडत नाही, पण गाडी ३० अंशांत कलत नाही.
- डोक्याशी उघडे बोल्ट, धारदार कोपरे, लोंबकळणाऱ्या वायरी. कडा गोल करून घ्या आणि बोल्टवर लाकडी गुटका बसवा.

३. गादी

*काय करावे*

- रबर लावलेल्या काथ्याची किंवा दाट फोमची गादी घ्या. जाडी साडेसात ते दहा सेंटिमीटर पुरे. काथ्यातून हवा खेळते आणि खारं पाणी तो बऱ्यापैकी सोसतो. फोम घेणार असाल, तर घनता ३२ ते ४० मागा. हलका फोम काही महिन्यांत बसतो आणि मग कंबरेला फळी लागते.
- गादी दोन तुकड्यांत करा. केबिनच्या अरुंद दारातून बाहेर काढता आली, तरच ती उन्हात पडते.
- खोळ चेनची, काढून धुता येईल अशी शिवा. वरचं कापड सुती असावं आणि खालची बाजू जाळीदार.
- गादीवर समुद्राचं पाणी आलं, तर आधी गोड्या पाण्याने धुऊन काढा आणि मगच वाळवा. नुसती वाळवलेली गादी उन्हात कडक कोरडी वाटते, पण मीठ आतच राहतं. रात्री हवेतला दमटपणा ते मीठ ओढून घेतं आणि पहाटे पाठ ओली होते. पाणी वारंवार बदला. पिळलेल्या पाण्याला खारट चव राहिली नाही की समजा, झालं.
- जागा फारच कमी असेल, तर पाइपची घडीची चौकट करून त्यावर कॅनव्हास किंवा दोरीचं विणकाम ताणा. खालून हवा लागते आणि दिवसा ती भिंतीला टेकवता येते.

*काय टाळावे*

- कापसाची गादी. ती ओल धरते, गोळे होतात, आणि एकदा भिजली की लवकर वाळत नाही.
- रेक्झिनवर थेट झोपणं. पाणी अडतं खरं, पण घामही अडतो. रेक्झिन असेलच तर वर जाड सुती चादर हवी.
- घडीच्या चौकटीवर नायलॉनची दोरी एकदाच कायमची ठोकून टाकणं. ओली झाली की ती सैल पडते. कडेची दोरी पुन्हा ताणता येईल अशी ओवा.
- लाइफ जॅकेटची उशी. दबून दबून आतला फोम चपटा होतो आणि जॅकेटची तरंगवण्याची ताकद कमी होते.

४. ओल आणि वारा

*काय करावे*

- गादीखाली सलग प्लाय नको, पट्ट्या हव्यात. पाच सेंटिमीटरची पट्टी, मग दोन-तीन सेंटिमीटरची फट. जुना प्लाय ठेवायचा असेल, तर त्यात इंचभराची भोकं पाडून घ्या.
- हवेला दोन वाटा द्या, एक खालून आत येणारी आणि एक वरून बाहेर जाणारी. एकाच खिडकीने खेळती हवा मिळत नाही.
- बर्थ आणि बोटीची बाजू यांच्यात दोन सेंटिमीटर जागा सोडा आणि उभ्या पट्ट्या ठोका. थंडीच्या रात्री फायबरला आतून घाम येतो. चिकटून ठेवलेली गादी तो पिते.
- टप पांढरा रंगवा. वरच्या बर्थवर झोपणाऱ्याला फरक पहिल्याच दुपारी कळेल.
- ओल्या कपड्यांसाठी दाराबाहेर हूक लावा.

*काय टाळावे*

- गार वारा येतो म्हणून सगळं बंद करून झोपणं. सात जणांच्या श्वासाची वाफ रात्रभरात छतावर जमते आणि तिथून अंथरुणावर गळते.
- तळात साचलेलं पाणी तसंच ठेवणं. केबिनमधला कुबट वास निम्मा तिथून येतो.

५. धूर, गॅस, आवाज

*काय करावे*

- बंदीच्या काळात इंजिनाचा धुराचा पाइप टोकापासून टोकापर्यंत तपासा. सांध्याला काळा डाग दिसला, तर तिथून गळती आहे असं धरा. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही आणि वासही नाही. झोपलेल्या माणसाला तो कळत नाही.
- कार्बन मोनॉक्साइडचा बॅटरीवर चालणारा अलार्म झोपणाऱ्याच्या डोक्याच्या उंचीला लावा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, म्हणून त्याचा अलार्म खाली, जमिनीजवळ.
- सिलिंडर उघड्यावर, सावलीत आणि बांधून ठेवा. रात्री रेग्युलेटर बंद. गळलेला गॅस बोटीच्या तळात उतरून साचतो आणि खालचे बर्थ तिथेच असतात.
- इंजिनाकडच्या भिंतीला आतून रॉकवूल आणि त्यावर भोकांचा अॅल्युमिनियम पत्रा लावा. इंजिनाखालचे झिजलेले रबर बदलले तरी कंप बराच उतरतो.
- कानात बोळे घालून झोपणाऱ्याला हाक मारून नव्हे, हात लावून उठवायचं, हे सगळ्यांना सांगून ठेवा.

*काय टाळावे*

- बंद केबिनमध्ये मच्छर कॉइल. खाडीत डासांचा जाच असतो, तिथे मच्छरदाणी बरी.
- खणाच्या कामातून उरलेलं थर्माकोल केबिनच्या भिंतींना लावणं. ते भराभर पेटतं आणि काळा विषारी धूर सोडतं. त्यावर फायबरचं पॉलिएस्टर रेझिन लावायला गेलात, तर थर्माकोल विरघळून जातं.
- ताज्या फायबरकामाच्या वासात झोपणं. रेझिन पूर्ण सुकू द्या, केबिन उघडी ठेवा.
- बंद राहिलेल्या, मासळी सडलेल्या खणात उतरणं. तिथे हायड्रोजन सल्फाइड साचतो आणि क्षणात माणूस कोसळतो. झोपायची जागा आणि खण यांच्यातली भिंत म्हणूनच फटी बुजवलेली हवी.

६. हाताशी काय, वाटेत काय

*काय करावे*

- प्रत्येक बर्थला मंद लाल दिवा द्या. पांढऱ्या उजेडानंतर डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. लाल दिव्यात उठलेला माणूस बाहेर लवकर बघता होतो.
- उशाशी कापडी खिसा शिवा. टॉर्च, पाण्याची बाटली, शिट्टी त्यात. लाइफ जॅकेट पायाशी हुकावर.
- बाहेर पडायला दुसरी वाट ठेवा. जॅकेट घातलेला माणूस तीतून निघू शकतो का, हे अंधारात करून बघा.
- हाताशी वस्तू का हव्यात, याचं एक उदाहरण पुरे. सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरात वादळात, एकट्याने जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत उतरलेले भारतीय नौदलाचे अधिकारी अभिलाष टॉमी यांच्या पाठीला जबर इजा झाली. चालता येत नव्हतं. गोव्यात बांधलेल्या ‘थुरिया’ या छोट्या नौकेत ते बर्थवर पडून होते, पण संदेश पाठवण्याचं साधन जवळ होतं. २४ सप्टेंबरला फ्रान्सच्या ‘ओसिरिस’ या गस्ती जहाजाने त्यांची सुटका केली.

*काय टाळावे*

- दारासमोर टब, जाळी, दोऱ्या रचणं, ‘आजच्या रात्रीपुरतं’ सुद्धा.
- अंथरुणात फोन चार्जिंगला लावून झोपणं, आणि उघड्या जोडाच्या वायरी गादीखालून नेणं.

७. झोपेची पाळी

*काय करावे*

- तांडेलाने पाळ्या आधीच ठरवाव्यात. ट्रॉलरवर जाळं टाकल्यापासून ओढेपर्यंतचे तीन-चार तासच बहुतेकांच्या वाट्याला येतात. त्यात भांडी, दुरुस्ती, निवडणं असं सगळं कोंबलं, तर झोप उरत नाही.
- गाढ झोपेतून उठलेल्याला पंधरा-वीस मिनिटं द्या, मगच विंचवर उभा करा. डोकं जागं व्हायच्या आधी हात दोरात जायला नको.
- बर्थ पाळीने वापरला, तरी चादर आणि उशीची खोळ ज्याची त्याची. बोट बंदराला लागली की गाद्या उन्हात टाका, नाहीतर एकाचे ढेकूण सगळ्यांचे होतात.

*काय टाळावे*

- सगळ्यांनी एकदम झोपणं. समुद्रावर सतत लक्ष ठेवणं प्रत्येक बोटीला बंधनकारक आहे. १९७२ च्या टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांतला पाचवा नियम तोच सांगतो. जहाजांच्या वाटेत नांगर टाकून, दिवा बंद ठेवून झोपणं म्हणजे मोठ्या जहाजाला आमंत्रण.
- एकाच माणसाला रात्रभर सुकाणूवर बसवणं.
- झोप यावी म्हणून दारू. डोळा लवकर लागतो, पण झोप उथळ होते आणि लाटेवर तोल जातो.

पैसे कमी असतील तर

आधी धुराची गळती आणि दोन्ही अलार्म. मग आडकापड आणि पट्ट्या. कॅनव्हास, दोरी आणि सुताराचं दोन दिवसांचं काम, एवढाच तो खर्च. गादी त्यानंतर, रॉकवूल सर्वांत शेवटी. उलट क्रमाने गेलात, तर महागड्या गादीवर ओल आणि धूर दोन्ही राहतील.

काम झालं की बोट धक्क्याला बांधून इंजिन चालू करा. दारं-खिडक्या रात्री असतील तशा ठेवा. बाहेर एक माणूस लक्ष ठेवायला उभा करून मालकाने स्वतः तासभर खालच्या बर्थवर पडून राहावं. वास कुठून येतो, काय खडखडतं, पाठीला काय टोचतं, अंधारात दार सापडतं का, हे लिहून घ्यावं आणि कागद सुताराच्या हाती द्यावा. नारळी पौर्णिमेच्या गडबडीत सुतार मिळत नाही, म्हणून ही तपासणी जुलैच्या मध्यापर्यंत उरका.