चावी हरवली, पेटी बंद



सुताराची, गवंड्याची, वायरमनची पेटी म्हणजे त्याची रोजीरोटी. निदान पाना, पक्कड आणि हातोडी ठेवलेली एक पेटी तर बहुतेक प्रत्येक घरात असतेच. तिची चावी हरवली तर काय करावे, याचा आज विचार करू या.

आमच्या वडिलांची सुतारकामाची लाकडी पेटी ते गेल्यानंतर दोन पावसाळे ओटीवर तशीच पडून होती. भाचा सुतारकाम शिकू लागला, तेव्हा आम्हाला तिची आठवण झाली. पण चावी काही सापडेना. आत रंधे, पटाश्या, करवती, गिरमिट. खाऱ्या दमट हवेत ती गंजत असणार, ही काळजी होती. कुलूप कापावे म्हटले, तर हॅकसॉसुद्धा त्याच पेटीत! धाकट्या भावाने हातोडी मागून आणली आणि कुलपावर दोन घाव घातले. कुलूप तुटले नाही, पेटीच्या फळीला मात्र चीर गेली. मग आम्ही थांबलो.

घावाने कुलूप का उघडत नाही? आपल्या नेहमीच्या लिव्हरच्या कुलपात पातळ पट्ट्या असतात आणि प्रत्येक पट्टीवर स्प्रिंगचा दाब असतो. चावीचे दाते प्रत्येक पट्टीला ठरलेल्या उंचीवर उचलतात. सगळ्या खाचा एका रेषेत आल्या की खटका सरकतो. घावाने एखादी पट्टी वाकली, तर पुढे खरी चावी मिळूनही कुलूप उघडत नाही.

म्हणून क्रमाने पुढे जावे.

१. आधी नीट शोधावे. हरवलेल्या वस्तूसाठी आपण संत अंतोनींचा धावा करतो. तो करावाच, पण खिसे, जुने डबे, देव्हाऱ्यामागची फट आणि कपाटाचे खणही पाहावेत. चावी शेवटची कोणी व कुठे वापरली, हे घरातल्या प्रत्येकाला विचारावे.

२. कुलपावर नंबर आहे का, ते पाहावे. पत्र्याच्या पेटीला किंवा टेबलाच्या खणाला जे छोटे गोल कुलूप असते, त्याच्या तोंडावर बऱ्याचदा नंबर कोरलेला असतो. त्या नंबरवरून विक्रेत्याकडे चावी मिळू शकते.

३. चावीवाल्याला बोलवावे. तो कोरी चावी कुलपात घालून फिरवतो, तिच्यावर उमटलेल्या खुणा पाहतो आणि तेवढ्याच जागी कानसीने घासतो. कुलूप शाबूत राहते व नवी चावीही मिळते. माणूस ओळखीचा असावा, आणि काम आपल्यासमोर करून घ्यावे.

४. कुलूप सोडून बिजागरीकडे पाहावे. बिजागरीचे स्क्रू बाहेरून दिसत असतील, तर झाकण मागून उघडता येते. स्क्रू गंजले असतील तर तेलाचे थेंब सोडून रात्रभर थांबावे. खाचेत घट्ट बसेल असाच स्क्रू-ड्रायव्हर घ्यावा. आधी किंचित आवळावे, मग सोडवावे. तसे केल्याने गंजाची पकड सुटते.

५. कापायचेच झाले तर कोयंडा कापावा. चांगल्या कुलपाची कडी कडक पोलादाची असते, साध्या हॅकसॉने ती कापत नाही. कोयंड्याचे लोखंड बहुधा मऊ असते, आणि नवा कोयंडा स्वस्तात मिळतो.

६. ड्रिल अगदी शेवटी. पत्र्याच्या पेटीच्या गोल कुलपात आधी ३ मि.मी. आणि मग ६ मि.मी.चे भोक पाडावे. डोळ्यांना चष्मा हवाच. नवे कुलूप आणताना जुने सोबत न्यावे, म्हणजे माप चुकत नाही.

आम्ही चौथा मार्ग धरला. वडिलांनी बिजागऱ्या बाहेरून बसवल्या होत्या. शेजाऱ्याचा स्क्रू-ड्रायव्हर मागून आणला, तेल सोडले, आणि दुसऱ्या दिवशी आठही स्क्रू निघाले. झाकण मागून उचलले. पटाश्यांवर गंज होता, पण वरवरचा. रंध्यांना वडिलांनी तेलकट फडके गुंडाळून ठेवले होते, त्यामुळे त्यांची पाती जशीच्या तशी होती. आणि झाकणाच्या आत एका खिळ्याला सुतळीने बांधलेली दुसरी चावी लटकत होती! त्याच चावीने कुलूप उघडले. आम्ही हसलो, आणि आईचे डोळे भरून आले.

त्या दिवसापासून आम्ही तीन गोष्टी पाळतो. दुसरी चावी पेटीत न ठेवता घरात ठरलेल्या जागी ठेवतो आणि ती जागा दोघांना तरी माहीत असते. चावीचा नंबर वहीत लिहून ठेवतो. आणि पावसाळ्यापूर्वी एकदा पेटी उघडून हत्यारांना तेलाचा हात देतो.

आता ती पेटी भाचा वापरतो. फळीवरची चीर अजून तशीच आहे. घाईने हातोडी उचलावीशी वाटली की आम्ही तिच्याकडे पाहतो.