बागछाटणीच्या धंद्यासाठी मालमोटार कशी निवडावी?

राहाता तालुक्यात गोदावरी व प्रवरा यांच्या कालव्यांच्या आधारे पेरूच्या बागा वाढल्या व तालुक्याचे नाव या फळासाठी सर्वत्र झाले. बाग जुनी झाली की फांद्या दाटतात, ऊन आत शिरत नाही व फळ बारीक येऊ लागते. अशा बागेची छाटणी, पुनरुज्जीवनासाठी खोड राखून केलेली मोठी कापणी, तसेच बांधावरील बाभूळ, लिंब यांच्या धोक्याच्या फांद्या उतरविणे ही कामे आता कुशल टोळ्या मजुरीने करतात. या धंद्यात उतरणारा तरुण बहुधा प्रथम मालमोटार घेतो व मग काम शोधतो. हा क्रम उलटा आहे. आधी काम मोजावे, मग गाडी निवडावी. कारण काम हंगामी असते, परंतु कर्जाचा हप्ता बाराही महिने द्यावा लागतो.

ओझ्याचे स्वरूप ओळखावे

पेरूच्या फांद्या जागा पुष्कळ व्यापतात, पण त्यांचे वजन त्यामानाने कमी भरते. १९२७ साली पुण्याच्या गणेशखिंड येथे निवडलेल्या सरदार वाणाचे झाड पसरट असते. त्याच्या वाकड्या फांद्यांनी हौदा लवकर भरतो. अशा कामास लांब हौद्याची व उंच जाळीच्या फळ्यांची हलकी गाडी पुरते.

ओंडक्यांची गोष्ट निराळी आहे. बाभळीसारख्या ताज्या जड लाकडाच्या एका घनमीटरचे वजन सुमारे एक टन धरावे. ५० सेंटिमीटर व्यासाचा व २ मीटर लांबीचा एक ओंडका सुमारे ३९० किलो भरतो. हौदा अर्धा रिकामा दिसत असतानाच गाडी आपल्या मर्यादेस पोहोचलेली असते.

भारक्षमतेचा हिशेब

नोंदणी पुस्तकातील एकूण भारित वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा करावे. उदाहरणादाखल, भारित वजन २,८०० किलो व रिकामे वजन १,५०० किलो असल्यास बाकी १,३०० किलो उरते. त्यातून चालक व दोन गडी यांचे २०० किलो आणि यांत्रिक करवती, शिड्या, दोरखंड व इंधन यांचे १०० किलो वजा जाता १,००० किलो राहतात. वर सांगितलेले दोन ओंडके त्यात बसतात. तिसरा चढविताच मर्यादा ओलांडली जाते. अतिभारासाठी मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने २०,००० रुपये व जादा प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड ठरविला आहे. त्याहून मोठे नुकसान पाटे तुटण्याचे व ब्रेक न लागण्याचे होय.

न वाहिलेले ओझे सर्वांत स्वस्त

निरोगी झाडांची पाने व बारीक फांद्या यंत्राने तुकडे करून बागेतच आच्छादन म्हणून पसराव्यात. त्यामुळे ओल टिकते, गाडीच्या खेपा वाचतात व लहान गाडीवर भागते. मर रोगाच्या झाडांचे अवशेष मात्र आच्छादनास वापरू नयेत. या रोगाची बुरशी मातीतून पसरते. म्हणून अशा बागेतून निघताना टायर व हत्यारे धुवावीत.

जमीन व वाट

काळ्या जमिनीस वाफसा आल्याखेरीज गाडी बागेत घालू नये. ओल्या जमिनीत चाके रुततात, माती घट्ट दबते व मुळांस इजा होते. मोठी गाडी रस्त्यावर उभी करून फांद्या बैलगाडीने किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने बाहेर आणाव्यात. हौदा यंत्राने उलटता येत असेल तर रिकामा करण्याची मजुरी वाचते. परंतु त्या यंत्राच्या वजनाने भारक्षमता तेवढी कमी होते, हे विसरू नये.

माणसांची सुरक्षितता

फांद्यांच्या ढिगावर मजूर बसवून नेण्याची रीत धोक्याची आहे व कायद्याविरुद्धही आहे. अपघात झाल्यास विम्याची भरपाई मिळताना अडचण येते व घरचा कर्ता माणूस गेलेल्या कुटुंबाचे हाल होतात. नोंदणी पुस्तकात जेवढी आसने, तेवढीच माणसे न्यावीत. टोळी मोठी असल्यास दोन रांगांच्या आसनांची गाडी पाहावी. चालकाचा परवानाही तपासावा. सर्वोच्च न्यायालयाच्या ६ नोव्हेंबर २०२४ च्या निर्णयानुसार हलक्या मोटारीच्या परवान्यावर ७,५०० किलोपेक्षा कमी भारित वजनाची मालमोटार चालविता येते.

खर्चाचा मेळ

समजा, हप्ता, विमा व दुरुस्ती मिळून दरमहा १८,००० रुपये, म्हणजे वर्षास २,१६,००० रुपये लागतात. वर्षात १८० दिवस काम मिळाले तर गाडीचा रोजचा बोजा १,२०० रुपये पडतो. १२० दिवसच मिळाले तर तो १,८०० होतो. डिझेल व मजुरी याखेरीज. म्हणून पहिला हंगाम भाड्याच्या गाडीवर काढावा, प्रत्येक दिवसाचे काम वहीत लिहावे व भरलेली गाडी काही वेळा वजनकाट्यावर तोलून पाहावी. जुनी गाडी घेताना सांगाडा, पाटे व ब्रेक जाणत्या कारागिराकडून तपासून घ्यावेत. आठ वर्षांवरील मालमोटारीस योग्यता प्रमाणपत्र दरवर्षी लागते, तो खर्चही धरावा.

आंबा, चिंच, जांभूळ अशी झाडे तोडावयाची असल्यास १९६४ च्या वृक्षतोड कायद्यान्वये परवानगी घेऊनच गाडी न्यावी. विजेच्या तारांजवळील फांदीस, प्रवाह बंद केल्याची खात्री झाल्यावाचून हात लावू नये.

ग्रामकार्यकर्त्यांनी कर्जाच्या अर्जावर सल्ला देण्यापूर्वी अर्जदारास तीन गोष्टी विचाराव्यात: वर्षात कामाचे दिवस किती, एका खेपेचे वजन किती आणि गडी बसणार कोठे? या तिन्हींची उत्तरे वहीतून मिळाली तर कोणती गाडी घ्यावी हे आपोआप ठरते. ती मिळत नसतील तर गाडी घेण्याची वेळ अद्याप आलेली नाही, असे समजावे.